मूल्ये टिकवणारी सोबत

बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट या तालुक्यांतून शिकायला सोलापुरात येऊन खोली घेणाऱ्या मुलामुलींची पहिली मैत्री बहुधा खोलीतल्या सोबत्याशी किंवा मेसमध्ये शेजारी जेवणाऱ्याशी जुळते. पुढे ती टिकते कशावर, याचा अभ्यास सामाजिक मानसशास्त्रज्ञ थिओडोर न्यूकम यांनी 1950च्या दशकात मिशिगन विद्यापीठात केला. एकमेकांना अनोळखी असलेल्या 17 विद्यार्थ्यांची मते आधीच नोंदवून त्यांनी त्यांना एका घरात राहायला ठेवले. सुरुवातीला खोल्यांची जवळीक प्रभावी ठरली. कालांतराने मात्र मूळची मते जुळणाऱ्यांतच स्नेह वाढला.

तरीही वेळ गेला की योग्य माणसे आपोआप भेटतात, असा याचा अर्थ नाही. न्यूयॉर्क राज्यातील शाळकरी मुलांच्या मैत्रीविषयी डेनिस कँडल यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारख्या सवयींमुळे मैत्री जुळते तशाच मैत्रीमुळे सवयीही सारख्या होत जातात, असे दिसले. म्हणून गुटखा न खाणाऱ्या मुलाने रोजची संध्याकाळ गुटखा खाणाऱ्यांच्या घोळक्यात टपरीवर घालवावी आणि केवळ स्वतःच्या निग्रहावर विसंबावे, हे मला धोक्याचे वाटते.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचा प्रयोग येथे फार महत्त्वाचा आहे. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन; त्यांतली पहिलीएवढी कोणती, इतकाच प्रश्न. खोलीतले बाकी सारे आधी ठरल्याप्रमाणे एकच चुकीचे उत्तर मोठ्याने देत, आणि खरा सहभागी अशा सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्याच मागे जाई. पण त्यांच्यातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी खऱ्या सहभागीच्या चुका जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येत. रेघांची लांबी आणि जीवनमूल्ये यांत मोठे अंतर आहे, हे मान्य. तरी बहुमताचा दाब एका साथीदाराने किती उतरतो, हे यातून स्पष्ट दिसते.

लग्न ठरवताना तर याचा कस लागतो. हुंड्याला 1961च्या कायद्याने बंदी आहे, तरी सुपारी फोडण्याच्या बैठकीत मानपान, सोने, गाडी असे विषय वडीलधाऱ्यांच्या तोंडून निघतात आणि नवरा मुलगा मान खाली घालून बसतो. त्या क्षणी एकट्याने बोलणे अवघड असते. म्हणून पसंती कळवण्यापूर्वीच मुलामुलीने एकमेकांना स्पष्ट विचारावे: बैठकीत देण्याघेण्याचा विषय निघाला, तर आपण दोघे काय बोलणार आहोत, आणि आधी कोण बोलणार आहे?