निपाणी : बॉर्डरच्या आधी तंबाखू

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीचं नाव पेपरात आलं की सोबत 'सीमाप्रश्न' हा शब्द येणारच, आणि त्यात काही चूक नाही, पण हे गाव सीमेमुळे घडलेलं नाही, ते घडलंय बाजारानं आणि तंबाखूनं. सीमा नंतर आली.

पेशवाईच्या शेवटी हे निपाणकर देसायांचं ठाणं होतं. सिधोजीराव नाईक-निंबाळकर त्यातले मोठे, कोल्हापूरकरांशी त्यांचा कायम उभा दावा. १८३९ ला ते वारले, दत्तक इंग्रजांनी मान्य केला नाही आणि संस्थान खालसा झालं. पण पेठ टिकली, कारण कोल्हापूर-बेळगाव रस्त्यावरची मोक्याची जागा. बाबासाहेबांनी एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या बहिष्कृतांची परिषद घेतली तीही इथंच, हे आपल्याकडं फार जणांना माहीत नसतं.

आणि मग तंबाखू. आजूबाजूच्या काळ्या रानात पिकणारी बिडीची तंबाखू, ती वखारीत यायची, तिथं बायका दिवसभर चाळणार, निवडणार, तोंडाला पदर बांधून, तरी संध्याकाळी केसांना वास आणि घशात खवखव ठरलेली. घरोघरी सुपात पानं-तंबाखू घेऊन बिड्या वळणाऱ्या वेगळ्याच. पैसा व्यापाऱ्याच्या गल्ल्यात, खोकला कामगाराच्या छातीत, असा सरळ हिशोब. शेतकऱ्यालाही भाव व्यापारी सांगेल तो. १९८१ ला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी बायकापोरांसकट पुणे-बंगळूर हायवेवरच ठाण मांडून बसले, तीनेक आठवडे रस्ता अडवून, शेवटी ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि माणसं गेली. गंमत बघा, त्या रस्त्यावर मराठी-कानडी असं काही नव्हतं, सगळे तंबाखूवालेच.

बॉर्डरचं म्हणाल तर १९५६ ला राज्यं भाषेवर पाडली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूरला गेला, त्यात निपाणीही. तेव्हापासून सीमाभागातल्या मराठी माणसांसाठी १ नोव्हेंबर म्हणजे काळा दिन. पुढं या वादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं बेळगाव कर्नाटकातच ठेवा पण निपाणी महाराष्ट्राला द्या असं म्हटलं होतं, महाराष्ट्रानं तो अहवालच नाकारला (बेळगावशिवाय कसा मान्य करणार म्हणा), आणि निपाणी आहे तिथंच राहिली. २००४ पासून मॅटर सुप्रीम कोर्टात आहे.

रोजच्या जगण्यात मात्र ही रेषा मजेशीरच आहे. गावची पोरं शिकायला देवचंद कॉलेजला जातात, ते मुरगूड रोडला अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुका, जिल्हा कोल्हापूर. सकाळी वही घेऊन महाराष्ट्रात जायचं आणि दुपारी जेवायला कर्नाटकात यायचं! एस्टी स्टँडवर बोर्ड कानडी, आणि खाली रांगेत उभं राहून फोनवर "जाऊलालोय की, गाडी आली न्हाई अजून" असली अस्सल कोल्हापुरी वळणाची मराठी. दवाखाना, सोनं, लग्नाचा बस्ता यासाठी पाय कोल्हापूरकडंच वळतात, सातबाऱ्याचा उतारा मात्र कानडीत, तो वाचून घ्यायला कुणीतरी ओळखीचा लागतो.

रेषा खरी टोचली ती कोरोनात, सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर टेस्टचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय सोडेनात तेव्हा. आणि वेदगंगेला पूर आला की यमगर्णीपाशी हायवेच बंद, मग महाराष्ट्र काय आणि कर्नाटक काय, सगळेच ट्रक रांगेत.