मोत माउली : बांद्र्याच्या जत्रेची पार्श्वभूमी

मुंबईच्या कॅथलिक महाधर्मप्रांताचा आश्रयदाता संत म्हणून गोन्सालो गार्सिया याचे नाव घेतले जाते, ही गोष्ट दर सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेसाठी बांद्र्याची टेकडी चढणाऱ्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. गोन्सालो इथल्याच मातीतला होता. १५५६ च्या सुमारास वसईत, पोर्तुगीज बाप आणि स्थानिक आई यांच्या पोटी तो जन्मला. जेझुइट धर्मगुरूंबरोबर तो पोरवयातच जपानला गेला, तिथली भाषा शिकला, काही काळ व्यापारात रमला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाला आणि १५९३ मध्ये त्या संघाच्या वकिलातीचा दुभाषा होऊन जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर उभा राहिला. हिदेयोशीची मर्जी फिरल्यावर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले, त्यांत गोन्सालोही होता. रोमने १६२७ मध्ये त्याला ‘धन्यवादित’, म्हणजे संतपदाच्या एक पायरी अलीकडचा, घोषित केले आणि १८६२ मध्ये संतपद दिले. वसई तालुक्यात त्याच्या नावाचे चर्च आहे, महाविद्यालय आहे, त्याचा सणही होतो. पण त्याला नवस बोलण्यासाठी मुंबईहून माणसांची रीघ लागल्याचे ऐकिवात नाही. त्याचे चरित्र साल-तारखेसह लिहिलेले आहे आणि बहुधा म्हणूनच लोकांना त्यात आपल्या पदरचे काही घालायला जागा मिळालेली नाही.

बांद्र्याच्या मोत माउलीचे, म्हणजे माऊंट मेरीचे, नेमके उलटे आहे. तिच्या इतिहासातली मधलीच पाने विस्कटलेली आहेत आणि ती कोळ्यांनी, पारशांनी, नवस फेडायला आलेल्या परगावच्या माणसांनी आपापल्या परीने जुळवली आहेत. चर्चने नेमलेला रक्षणकर्ता एक आणि लोकांनी मानलेली रक्षणकर्ती दुसरीच, हा प्रकार ख्रिस्ती जगात नवा नाही. बांद्र्यात मात्र तो कसा घडत गेला हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसते.

१५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई, साष्टी (मुंबईच्या उत्तरेचे, आजच्या उपनगरांचे बेट) आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर साष्टीच्या दक्षिण टोकाला, समुद्रात घुसलेल्या बांद्र्याच्या टेकडीवर जेझुइटांनी १५७० च्या सुमारास एक साधे प्रार्थनामंदिर उभारले आणि पोर्तुगालहून आणलेली मरियेची, म्हणजे येशूच्या आईची, लाकडी मूर्ती तिथे बसवली. टेकडीखालच्या कोळीवाड्यांतली अनेक घरे याच काळात ख्रिस्ती झाली. १६१६ मध्ये किनाऱ्यालगत संत आंद्रेयाचे चर्च बांधले गेले. आंद्रेया हा येशूचा शिष्य मूळचा कोळी, गालीलच्या सरोवरात जाळी टाकणारा, तेव्हा चिंबईसारख्या मासेमार वस्तीच्या वेशीवर त्याचे नाव आले याचे नवल वाटू नये. १६४० मध्ये टेकडीच्या टोकाला आग्वादचा किल्ला झाला. या सगळ्यात पुढच्या घडामोडींवर सर्वांत जास्त परिणाम करणारी गोष्ट म्हणजे १६६५ मध्ये मुंबई बेट इंग्रजांकडे गेले आणि साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. माहीमची खाडी, जी आज गाडीतून पाच मिनिटांत आणि वाहतूक तुंबली की अर्ध्या तासात ओलांडली जाते, ती दोन राज्यांची सीमा झाली.

नावाविषयी थोडे सांगायला हवे. पोर्तुगीजांनी या मरियेला ‘डोंगरावरची स्वामिनी’ म्हटले आणि त्यांच्या भाषेत डोंगराला ‘मोंत’ असा शब्द आहे. कोळ्यांच्या तोंडी त्याचे ‘मोत’ झाले आणि त्याला त्यांनी आपली ‘माउली’ जोडली. पुढच्या पिढ्यांना ‘मोंत’चा अर्थ उरला नाही, तेव्हा मोत म्हणजे मोती आणि मोत माउली म्हणजे मोत्यांची आई, अशी उपपत्ती तयार झाली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती चूक आहे, परंतु समुद्रावर पोट असलेल्या माणसांनी डोंगरावरच्या देवीला नकळत समुद्राची करून टाकले, हे त्या चुकीतूनच कळते. मंगळूरच्या कोकणी ख्रिस्ती लोकांचा ८ सप्टेंबरचा ‘मोंती फेस्त’ याच पोर्तुगीज शब्दावरून आला आहे. तिथे मात्र तो नव्या धान्याचा सण झाला.

आता आख्यायिकांकडे वळू. पहिली १७०० सालची सांगतात. अरब चाचे बांद्र्याच्या किनाऱ्यावर उतरले, टेकडीवरच्या देवळात शिरले आणि मूर्तीच्या हातातली मुलामा दिलेली वस्तू सोन्याची समजून त्यांनी तिचा उजवा हातच तोडला. ते आणखी विध्वंस करणार तोच मधमाश्यांचे मोहोळ त्यांच्यावर तुटून पडले आणि त्यांना गलबतांकडे पळावे लागले. तुटलेला हात दिसू नये म्हणून तिथे बाळ येशूची सुटी मूर्ती बसवली, असेही सांगतात. मधमाश्या कोणी मोजल्या नाहीत, त्या श्रद्धेच्या भागाला सोडून देऊ. ‘चाचे’ हा शब्द मात्र थोडा तपासून घ्यावा लागतो. ओमानच्या यारुबी सत्तेने १६५० मध्ये पोर्तुगीजांकडून मस्कत घेतले, १६६८ मध्ये दीव लुटले आणि १६९८ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा मोंबासाचा बळकट किल्ला जिंकला. अरबी समुद्रात पोर्तुगीजांना जिथे गाठता येईल तिथे गाठणारे हे एका राज्याचे आरमार होते. त्याच्या धाडी या किनाऱ्याने पाहिल्या होत्या, तेव्हा मोंबासा पडल्यानंतर दोनच वर्षांनी बांद्र्याच्या टेकडीवर हल्ला झाल्याची आठवण राहणे अगदी स्वाभाविक आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला समोरचा माणूस आरमाराचा की लुटारूंचा, याने फारसा फरक पडत नाही. त्याने दोघांनाही चाचेच म्हटले.

दुसरा घाव आख्यायिकेतला नाही, इतिहासातला आहे. १७३७ मध्ये मराठ्यांच्या फौजा साष्टीत उतरल्या, ठाणे पडले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. बांद्र्याच्या टेकडीवर मराठ्यांच्या तोफा चढल्या तर माहीम त्यांच्या माऱ्यात येईल, ही खाडीपलीकडच्या इंग्रजांची धास्ती होती. त्यांच्याच सांगण्यावरून पोर्तुगीजांनी आपला किल्ला आणि टेकडीवरचे प्रार्थनामंदिर पाडून टाकले. देऊळ मराठ्यांनी पाडले असा समज अधूनमधून ऐकू येतो, पण ते पाडणारे हात ते बांधणाऱ्यांचेच होते. मूर्ती खाडीपलीकडे इंग्रजांच्या हद्दीत, माहीमच्या संत मायकेलच्या चर्चमध्ये गेली आणि तिथे वीसेक वर्षे राहिली. १७६१ मध्ये टेकडीवर नवे देऊळ झाल्यावर ती परत आली.

मूर्ती गावाबाहेर असलेल्या या काळातच कोळ्याच्या स्वप्नाची कथा येऊन बसते. एका कोळ्याला स्वप्नात दृष्टांत झाला की समुद्रात मरियेची मूर्ती तरंगते आहे; तो गेला, मूर्ती सापडली आणि ती त्याने वाजतगाजत किनाऱ्याला आणली. ही मूर्ती नाविकांच्या माउलीची, संत आंद्रेयाच्या चर्चमधली. टेकडीवरची मूळ मूर्ती जेव्हा भंगलेली होती तेव्हा काही काळ हीच तिच्या जागी होती आणि नंतर दुरुस्त झालेली जुनी मूर्ती मुख्य वेदीवर परतली. म्हणजे मूर्ती दोन आहेत आणि दोघींच्या कथा निराळ्या आहेत. पण जत्रेतल्या कोणालाही विचारले तर हात तुटलेली, माहीमला गेलेली आणि समुद्रातून वर आलेली ही एकच माउली आहे. अभ्यासक या सरमिसळीला गोंधळ म्हणतील. मला ती फार समंजस जुळणी वाटते, कारण बाहेर गेलेली देवी परत येते ती कोणाच्या तरी हुकमाने नव्हे, स्वतःच्या मर्जीने आणि कष्टकऱ्याच्या स्वप्नातून, हे या शहराचे जुने गणित आहे.

मुंबईकराला याचा जोडीदार शोधायला लांब जावे लागत नाही. वरळी आणि मुंबई या बेटांमधली समुद्राची खिंड बुजवण्याचे काम गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात चालले होते, तेव्हा बांध पुन्हा पुन्हा वाहून जाई. पाठारे प्रभू असलेल्या रामजी शिवजी या बांधकाम पाहणाऱ्या गृहस्थाच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती वर काढण्यात आल्या आणि मग बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची कथा आहे. तमिळनाडूत वेळांकण्णीला वादळातून वाचलेल्या पोर्तुगीज खलाशांची कथा सांगतात आणि तिथलाही उत्सव ८ सप्टेंबरचाच. मुंबईतले तमिळ भाविक त्या दिवसांत माऊंट मेरीलाही मोठ्या संख्येने येतात. मूर्ती समुद्रातून येते, समुद्रावर राबणाऱ्याला ती कळते आणि ती आली की खवळलेले पाणी ताळ्यावर येते. धर्म बदलले तरी ही चौकट बदललेली नाही. ‘माउली’ हा शब्दही तसाच आहे. वारकऱ्याची माउली आळंदीला, कोळ्याची आई एकवीरा कार्ल्याला आणि तीच कोळीण बांद्र्याला मेणबत्ती लावते, यात तिला काही विसंगत वाटत नाही.

उत्सवाचा क्रम चर्चच्या दिनदर्शिकेतून आला आहे. ८ सप्टेंबर हा मरियेच्या जन्माचा दिवस; त्याआधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, त्या दिवसानंतरच्या रविवारी मुख्य सण आणि तिथून आठवडाभर जत्रा. मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या उपासना, इंग्रजी, कोकणी, मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांत होतात. बेस्ट जादा बस सोडते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेलेल्या असतात आणि मोसमाची पहिली कमाई हातात येऊ लागलेली असते, त्यामुळे कोळीवाड्यांसाठी ही वेळ नवस फेडण्याला सोयीची आहे. तिथीचा खेळ असा की कधी हा आठवडा गणपतीत येतो, कधी पितृपक्षात. गणपतीत आला की एकाच घरातली माणसे सकाळी मोदक आणि संध्याकाळी बांद्रा करतात.

जत्रेत सगळ्यांत बघण्यासारखे दुकान मेणाचे. मेणबत्त्या तर असतातच. त्यांच्याबरोबर मेणाचे हात, पाय, डोळे, हृदय, पाळण्यातले बाळ, घर आणि अलीकडे विमानसुद्धा मिळते. ज्याचा गुडघा दुखतो तो पाय वाहतो, ज्याला मूल हवे तो बाळ वाहतो, ज्याला परदेशी नोकरी हवी तो विमान. बऱ्या झालेल्या अवयवाची मेणाची प्रतिकृती वाहण्याची रीत पोर्तुगालमध्येही आहे, फातिमाला आजही दिसते. पण खंडोबाला किंवा देवीला चांदीचे डोळे, चांदीचा पाळणा वाहणाऱ्या माणसाला ती कोणी समजावून सांगावी लागली नसणार. म्हणूनच इथल्या रांगेत कॅथलिकांइतकेच किंवा त्यांच्याहूनही जास्त इतर धर्मांचे लोक उभे असतात. दुकानांत भाजलेले चणे, पेरूची मिठाई आणि गोव्याकडची साखरेत घोळलेली खाजी असतात, रंगीत खेळणी आणि पाळणे असतात. जत्रा ती जत्राच.

पारशांचा वाटा मात्र वेगळा सांगावा लागतो. १८४५ पूर्वी माहीमहून बांद्र्याला जायचे तर होडीने खाडी ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात ते धोक्याचे होते. जत्रा नेमकी पावसाळ्याच्या शेवटी. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी आपल्या आजारी मुलासाठी मोत माउलीला नवस बोलला आणि तो फेडण्यासाठी माहीमचा बांध बांधवला, अशी कथा बांद्र्यात सांगितली जाते. नवसाचे काय ते अवाबाईंना ठाऊक. त्यांनी सरकारला १,५७,००० रुपये दिले आणि या रस्त्यावर जकात घ्यायची नाही अशी अट घातली, हे मात्र नोंदलेले आहे. टेकडीवरची आजची दगडी वास्तू १९०४ ची, तिचा वास्तुकारही पारशी, शापूरजी चंदाभॉय, आणि खर्च सुमारे एक लाख रुपये आला. १९५४ मध्ये पोपनी तिला बॅसिलिकेचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा, दर्जा दिला.

बांद्र्याच्या मूळ रहिवाशांनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या या जुन्या ख्रिस्ती समाजाने, १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. कंपनीच्या आणि रेल्वेच्या नोकऱ्यांत गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे आणि इथले आहोत, हे त्यांना सांगायचे होते. त्यांचा पिकाचा सण, आगेरा, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो. भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करतात. बांद्र्यात आता भातशेती उरलेली नाही, लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. आगेरा या समाजाचा घरचा सण राहिला आणि माउलीची जत्रा साऱ्या शहराची झाली.

मूर्तीने ज्या माहीमच्या चर्चमध्ये वीस वर्षे आश्रय घेतला होता, तिथे १९४८ साली ८ सप्टेंबरलाच सदासाहाय्य मातेची, म्हणजे मरियेच्याच एका रूपाची, दर बुधवारची नोव्हेना सुरू झाली आणि तीही पुढे साऱ्या मुंबईची झाली. जत्रेच्या आठवड्यात बुधवारी माहीम आणि रविवारी बांद्रा करणारे पुष्कळ आहेत. दोन्हींच्या मध्ये अवाबाईंचा रस्ता आहे, ज्यावर अजूनही जकात लागत नाही.