गुहा, सैतान आणि लाल गोळी

‘द मेट्रिक्स’ (१९९९) या चित्रपटात माणसं ज्याला जग समजतात, तो यंत्रांनी उभा केलेला संगणकी भास असतो. सुरुवातीलाच नायक निओ एक जाड पुस्तक उघडतो. पानं आतून कोरलेली, पोकळीत चोरटा माल. पुस्तक आहे जाँ बोद्रियार या फ्रेंच विचारवंताचं, १९८१ सालचं. स्वतः बोद्रियारना मात्र हा मान रुचला नाही. आपला नवा प्रश्न (नक्कल आणि अस्सल यांतला फरकच पुसला गेला तर?) चित्रपटाने प्लेटोच्या भास आणि सत्य या जुन्या प्रश्नात मिसळून टाकला, अशी त्यांची तक्रार होती.

तक्रारीत तथ्य आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात गुहेतले कैदी भिंतीकडे तोंड करून जखडलेले असतात. पाठीमागे जाळ, मध्ये बुटकी भिंत. तिच्या आडून माणसं बाहुल्या नि वस्तू उंच धरून नेतात आणि समोर पडणाऱ्या सावल्यांनाच कैदी जग समजतात. हे वाचून सिनेमागृह आठवलं नाही तरच नवल. १९४१ साली फ्रान्सिस कॉर्नफर्ड यांनी आपल्या इंग्रजी अनुवादाच्या टिपेत तेच लिहिलं होतं. इटालियन दिग्दर्शक बर्तोलुच्चीने १९७० मध्ये ‘द कन्फॉर्मिस्ट’ची पात्रं तर थेट या गुहेवरच बोलायला लावली.

‘मेट्रिक्स’चं नातं मात्र बहुतेक जण फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तशी जोडतात. १६४१ सालच्या ‘चिंतनां’त देकार्तने एक कपटी सैतान कल्पिला: आकाश, रंग, स्वतःचे हातपायसुद्धा त्यानेच भासवलेले असतील तर? पुढे १९८१ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी सैतानाच्या जागी द्रावणात ठेवलेला मेंदू आणि त्याला भास पुरवणारा संगणक आणला, तोही ‘मी असा मेंदू आहे’ हे म्हणणं स्वतःलाच खोडतं हे दाखवायला. आपल्याकडे कुणीतरी लगेच म्हणतं, ‘ही तर माया!’ (‘मेट्रिक्स’च्या तिसऱ्या भागाच्या श्रेयनामावलीत ‘असतो मा सद्गमय’ ऐकू येतं, त्यामुळे त्यांचंही अगदीच चुकत नाही.) पण अद्वैतात ‘मी’पणही गळून पडतं, देकार्तकडे सगळं गेल्यावर शंका घेणारा तेवढा उरतो.

देकार्त शंकेतून स्वतःच बाहेर पडतो. निओला बाहेर काढावं लागतं, प्लेटोच्या कैद्याचे साखळदंड जसे दुसरा कुणी सोडतो तसं. आणि भासातून जागं करणारी लाल गोळी गिळल्यावर दिसलेलं उद्ध्वस्त जग तरी खरं कशावरून, हे पहिल्या भागात कुणीच विचारत नाही. देकार्तने पहिला प्रश्न हाच केला असता. चित्रपट तत्त्वज्ञानातून चित्रं हौसेने उचलतात. युक्तिवाद सहसा मागेच राहतो.

एक प्रसंग त्याला अपवाद आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक यांनी १९७४ मध्ये विचारलं होतं, हवा तो अनुभव देणारं यंत्र मिळालं तर त्याला स्वतःला कायमचं जोडून घ्याल का? आत गेल्यावर आपण यंत्रात आहोत हे कळणार नाही. लोक नकार देतील, कारण आपल्याला नुसता अनुभव नको असतो, असं त्यांचं मत. निओचा फितूर साथीदार सायफर भासातल्या हॉटेलात बसून यंत्रांच्या हस्तकाशी हाच सौदा करतो. समोरचा स्टेक खोटा आहे हे ठाऊक असूनही चवीने खातो, श्रीमंती मागतो, वर अट घालतो: मला काहीही आठवता कामा नये. खलनायक म्हणून त्याला मारलं जातं, पण त्याच्या म्हणण्याला चित्रपटात कुणी उत्तर देत नाही.