ऐंशी रकान्यांचा हिशेब

जुन्या प्रोग्रामरांना बोलतं करायचं असेल, तर ‘तुमचा डेक कधी सांडला होता का?’ एवढंच विचारावं. पार्ल्यात अशाच निवृत्त मंडळींच्या बैठकीत मी विचारलं आणि सगळ्यांचे चहा गार झाले. डेक म्हणजे पंचकार्डांचा, भोकं पाडून माहिती नोंदवलेल्या कार्डांचा, गठ्ठा. प्रोग्रामची एक ओळ म्हणजे एक कार्ड. ओळी पाचशे तर कार्डं पाचशे, आणि ती रबरबँड लावून लोकलच्या गर्दीतून सांभाळत न्यायची. कुणाचा डेक चर्चगेटच्या जिन्यात सांडला होता, कुणाचा थेट संगणककक्षाच्या दारात. हुशार लोक गठ्ठ्याच्या कडेवर स्केचपेनने तिरकी रेघ मारून ठेवत. रेघ जुळली की क्रम जुळला.

पण खरा इलाज कार्डातच होता. कार्डावर ८० उभे रकाने, प्रत्येकात एक अक्षर. फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत पहिल्या रकान्यात ‘सी’ असेल तर ती ओळ नुसता शेरा. १ ते ५ मध्ये ओळीचा क्रमांक, सहाव्यात खूण केली की ते मागच्या ओळीचं शेपूट, आणि प्रत्यक्ष सूचना ७ ते ७२ मध्ये. पुढचे आठ रकाने संगणक बघतच नसे. तिथे कार्डांना अनुक्रमांक द्यायचे आणि डेक सांडलाच तर सॉर्टरमधून काढायचा. सॉर्टर एका फेरीत एकाच रकान्यावरून कार्डं वेगळी करी. एकं, दहं, शतं अशा क्रमाने तीन फेऱ्या मारल्या की पाचशे कार्डं जागेवर.

७२ च का? फोरट्रान १९५७ साली आयबीएम ७०४ या संगणकासाठी आलं. त्या यंत्राचा ‘शब्द’, म्हणजे एका वेळी हाताळायचा तुकडा, ३६ बिटांचा (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक), आणि त्याचा कार्ड रीडर कार्डाची एकेक आडवी ओळ दोन शब्दांत भरून घेई. ३६ दुणे ७२. यंत्राची अडचण अशी भाषेचं व्याकरण होऊन बसली आणि यंत्र मोडीत निघाल्यावरही कित्येक वर्षं टिकली. मला विचाराल तर संगणकाच्या इतिहासातली खरी मौज असल्या अवशेषांत आहे. कुठलं यंत्र किती वेगवान होतं, याची यादी कुणीही पाठ करील.

मुंबईतल्या पहिल्या पिढीला तर फोरट्रानही नव्हतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं बारसं केलं: टिफ्रॅक. त्याच्याशी यंत्राच्याच संकेतांत, भोकं पाडलेल्या कागदी फितीवरून बोलावं लागे. स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने १० किलोबाइट. ती होती फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची, तारांच्या जाळीत ओवलेल्या. कडीचं चुंबकत्व एका दिशेला असेल तर शून्य, उलट असेल तर एक. कडी उलटवायला लागणारा प्रवाह निम्मा आडव्या तारेतून आणि निम्मा उभ्या तारेतून सोडत. दोन्ही जिथे भेटतील ती एकच कडी उलटे. वाचायची पद्धत मात्र अघोरी. कडीला सरळ शून्य करून बघायचं. वेगळ्या तारेत झटका उमटला तर ती आधी ‘एक’ होती. म्हणजे वाचलं की पुसलं! म्हणून यंत्र लगेच तीच नोंद परत लिही. वीज गेली तरी नोंद टिके, हा फायदा. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकन सीडीसी ३६०० आला, सोबत फोरट्रान आलं आणि साठचं दशक संपण्याआधी पवईच्या आयआयटीत सोव्हिएत मिन्स्कही दाखल झाला.

बैठकीतल्या एक ताई कोबोलवाल्या. कोबोल ही कचेऱ्यांच्या हिशेबांची प्रोग्रामिंगची भाषा. त्यांनी पर्समधून एक जुनं कार्ड काढलं आणि उजेडासमोर धरून भोकं वाचायला सुरुवात केली. रकान्यात एकच भोक म्हणजे अंक. दोन असतील तर अक्षर. वरच्या कडेला एक नि १ वर एक, की झाला ‘ए’. मधले सहा रकाने त्यांनी सलग वाचले: ०३०७५२. कुणाची तरी जन्मतारीख, ३ जुलै १९५२.

“एकोणीस कशाला पंच करायचं? दोन रकाने फुकट,” ताई म्हणाल्या.

ही कंजुषी नव्हती. कचेऱ्यांत गाजलेल्या आयबीएम १४०१ च्या सर्वांत लहान मॉडेलची स्मृती १,४०० अक्षरांची होती. तिथे दोन अक्षरं म्हणजे चैन. पुढे कार्डं गेली, डिस्क आल्या, तारखा तशाच राहिल्या. १९९९ मध्ये या माणसाचं वय ९९ वजा ५२, म्हणजे ४७. दुसऱ्या वर्षी ०० वजा ५२. उत्तर उणे ५२ यायला हवं, पण कोबोलमध्ये तो आकडा चिन्हाविना ठेवायचा असं जाहीर केलेलं असेल तर उणे गळून पडे आणि वय ५२ होई. गंमत म्हणजे हे वय पटण्यासारखं आहे, त्यामुळे चूक पकडणं आणखी कठीण. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अंधेरीच्या सीप्झपासून अनेक ठिकाणी पोरं रात्रंदिवस असल्या ओळी शोधत बसली होती, आणि कालबाह्य म्हणून बाजूला पडलेल्या कोबोलवाल्यांना पुन्हा भाव आला होता.

पुष्कळ ठिकाणी तारखा चार अंकी केल्याच नाहीत. ३० च्या खालचं वर्ष २००० नंतरचं, वरचं आधीचं, अशी एखादी अट घालून भागवलं. अशा अटीची मुदत कधी तरी संपतेच.

त्यापेक्षा मोठी मुदत युनिक्स या संगणकप्रणालीची आहे. तिथे वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, आणि जुन्या प्रणालींत हा आकडा चिन्हासह ३२ बिटांत ठेवलेला असतो. त्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मजल जाते. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि तारीख उडी मारून १९०१ मध्ये जाते. नव्या यंत्रांत ६४ बिट असल्याने तिथे काळजी नाही. प्रश्न आहे तो कुठल्या तरी नियंत्रकात रुतून बसलेल्या जुन्या चिपांचा. मुंबईच्या घड्याळात हा आकडा संपायची वेळ मंगळवार, १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. ऐन गर्दीची.