डोळ्यांनी पाहिलं तरी तपासायचं: एका जुन्या शिस्तीची पार्श्वभूमी

21 सप्टेंबर 1995 रोजी दिल्लीतल्या एका देवळात गणपती दूध पितोय अशी बातमी सुटली आणि बघता बघता देशभर देवळांपुढे दुधाची भांडी घेऊन रांगा लागल्या. चमचा सोंडेला टेकवला की दूध कमी होताना लोकांनी स्वतः पाहिलं. त्यात कोणी खोटं बोलत नव्हतं. मग शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तोच प्रयोग केला. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जायचं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळायचं. पांढरा ओघळ नजरेत भरत नव्हता, रंगीत भरला.

असं तपासून पाहणं आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाबरोबर आलं, असं सर्रास मानलं जातं. मला ते पटत नाही. सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या न्यायसूत्रांत, म्हणजे न्याय या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, गौतम ऋषींनी ‘प्रत्यक्षा’लाही, म्हणजे इंद्रियांनी मिळणाऱ्या ज्ञानालाही, अटी घातल्या आहेत: ज्ञान इंद्रियांतून आलेलं असावं, पण ते चुकणारं नसावं आणि संदिग्धही नसावं. त्यावर भाष्य लिहिताना वात्स्यायन उन्हाळ्यातल्या मृगजळाचं उदाहरण देतो. लांबून दिसतो तो धूर की धूळ, हे ठरत नाही तोवर ते प्रत्यक्ष ज्ञान नव्हे, असंही तो बजावतो.

भावनेचा मुद्दाही तिथे आहेच. राग (म्हणजे आसक्ती), द्वेष आणि मोह (म्हणजे भ्रम) हे तीन दोष सांगून गौतम मोहाला सर्वांत वाईट ठरवतो. दोन्ही बाजूंचा विचार करून जे ठरतं त्यालाच तो निर्णय म्हणतो. चर्चेचेही त्याने प्रकार पाडले. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहणं ही वितंडा. आज मोबाइलवर चालणारी बहुतेक भांडणं यांतल्या शेवटच्या दोन प्रकारांत मोडतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती माहिती देणाऱ्याबद्दलची कसोटी. ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो, तो आप्त, म्हणजे नातेवाईक नव्हे, तर विश्वास ठेवावा असा माणूस. ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखीच लागू आहे, असं वात्स्यायन स्पष्ट लिहितो. सांगणारा आपल्यातला की परका, हा प्रश्नच त्याने बाद केला.

ही शिस्त पंडितांपुरती राहिली, हे मात्र खरं. सतराव्या शतकात तुकोबांनी ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता’ असं म्हटलं, तेव्हा निदान गर्दीचा कौल नाकारण्याची हिंमत साध्या मराठीत आली.

वर्तमानपत्रांतून या शिस्तीची खरी परीक्षा एकोणिसाव्या शतकात झाली. गोपाळ गणेश आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक. लोकमान्यांशी मतभेद झाल्यावर त्यांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. जुनी आहे एवढ्यावर रूढी टिकवायला त्यांचा विरोध होता. त्यापायी पुण्यात त्यांच्या हयातीतच लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींशी शरीरसंबंधासाठीची, लग्नातलीसुद्धा, 10 वर्षांची वयोमर्यादा 12 केली, तेव्हा परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असा संताप उसळला. गुलामीबद्दलची ती चीड खोटी नव्हती. आगरकरांनी तरीही कायद्याची बाजू घेतली, कारण दहा वर्षांच्या मुलीच्या शरीराला काय सोसावं लागतं, या प्रश्नाचं उत्तर राज्य कोणाचं आहे यावर अवलंबून नव्हतं.