अंगोलाचा परकीय व्यापार व परकीय गुंतवणूक

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील अंगोला या देशाच्या निर्यात उत्पन्नात खनिज तेल व नैसर्गिक वायूचा वाटा सुमारे ९० टक्के असतो. उरलेल्यात हिरे प्रमुख. ही स्थिती पूर्वापार नाही. पोर्तुगीज अमलाच्या अखेरीस अंगोला जगातील आघाडीच्या कॉफी निर्यातदारांपैकी एक होता. १९७५ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, पोर्तुगीज मळेवाले निघून गेले आणि २००२ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धात शेती व लोहमार्ग उद्ध्वस्त झाले. समुद्रातले तेल तेवढे निघत राहिले. १९८० च्या दशकात कॅबिंडा प्रांतात अमेरिकी कंपनी तेल काढी, तिच्याकडून मिळणाऱ्या पैशावर मार्क्सवादी सरकार युद्ध लढे आणि तेलकेंद्रांवर क्यूबाचे सैनिक पहारा देत. अमेरिकेची मदत मात्र ‘उनिता’ या सरकारविरोधी बंडखोर संघटनेला मिळे.

परकीय गुंतवणूक आजही मुख्यतः तेलातच आहे. उत्पादन-वाटप करारानुसार कंपनी भांडवल घालते, निघालेल्या तेलातून खर्च वसूल करते आणि उरलेले तेल सरकारबरोबर वाटून घेते. खोल समुद्रातील तेल तरंगत्या जहाजांवर साठवून तिथूनच टँकरमध्ये भरले जाते. त्यामुळे सरकारी तिजोरीत पैसा येतो, पण किनाऱ्यावर रोजगार फारच थोडा निर्माण होतो. शुद्धीकरणाची क्षमता अपुरी असल्याने पेट्रोल-डिझेलही मोठ्या प्रमाणावर आयात करावे लागते.

युद्धानंतरची पुनर्बांधणी बव्हंशी चिनी कर्जांतून झाली. या कर्जांना तेलाचे तारण होते, हप्तेही तेलातूनच फेडले जात, आणि खरी अडचण इथेच आहे. २०१४ मध्ये तेलाचे भाव कोसळू लागले तेव्हा तोच हप्ता फेडायला अधिक पिंपे द्यावी लागली, म्हणजे आयातीसाठी लागणारे परकीय चलन नेमके टंचाईच्या वेळी आटले. २०१८ च्या आरंभी क्वान्झा या चलनाचा डॉलरशी बांधलेला दर सोडून द्यावा लागला. वर्षअखेरीस आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे ३.७ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्याच वर्षीच्या गुंतवणूक कायद्याने स्थानिक भागीदार घेण्याची सक्ती काढली.

२००७ मध्ये ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेत गेलेला अंगोला उत्पादन-मर्यादेच्या वादातून २०२३ च्या अखेरीस बाहेर पडला. जुनी तेलक्षेत्रे रिती होत असल्याने उत्पादन मात्र आधीच घटले होते: २००८ च्या सुमारास दिवसाला जवळजवळ २० लाख पिंपे, २०२४ मध्ये ११ लाखांच्या आसपास.

तेलाबाहेरची सर्वांत गाजलेली योजना लोबितो बंदरापासून काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या सीमेपर्यंत जाणाऱ्या बेंगेला लोहमार्गाची. युरोपीय कंपन्यांच्या गटाकडे तो ३० वर्षांसाठी सोपवला आहे. त्यावरून मुख्यतः काँगोचे तांबे व कोबाल्ट बंदराला नेण्याचा बेत आहे. वाटेवरच्या पठारातील शेतमालाला या गाड्यांत किती जागा मिळते, यावर अंगोलाचा खरा लाभ अवलंबून राहील.