टाइमआउट आणि संगणकाची घड्याळे

एखादी घटना घडण्याची प्रोग्रामने जास्तीत जास्त किती वेळ वाट पाहायची, ती मुदत म्हणजे टाइमआउट. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती मोजायला मुख्यतः ३ घड्याळे आहेत. 'रिअलटाइम' तारीख-वेळ दाखवते आणि ते मागेपुढे करता येते. 'मोनोटॉनिक' कधीच मागे जात नाही, मात्र संगणक स्लीपमध्ये गेला की थांबते. 'बूटटाइम' स्लीपचा काळही मोजते.

पोल, सिलेक्ट, ईपोल-वेट या, घटनेची वाट पाहणाऱ्या फंक्शनांना नुसता कालावधी द्यायचा असतो. तो मोनोटॉनिकवर मोजला जातो. सेमाफोरसाठी, म्हणजे प्रोग्रामच्या एका भागाने दुसऱ्याला दिलेल्या इशाऱ्यासाठी थांबणाऱ्या सेम-टाइम्डवेट या फंक्शनला मात्र 'अमुक वाजेपर्यंत' असे सांगावे लागते, आणि तेही रिअलटाइमवर. खरी गोची इथेच आहे.

समजा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या यंत्राला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक जोडला आहे. त्यात बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज २ तास जाऊन आली, की तो साधारण बंद पडतानाचीच वेळ धरून सुरू होतो आणि इंटरनेट मिळताच २ तास पुढे उडी घेतो. नेमका तेव्हा प्रोग्राम सेन्सरसाठी सेम-टाइम्डवेटमध्ये १० सेकंद थांबला असेल, तर मुदत तत्क्षणी संपते आणि धडधाकट सेन्सरच्या नावावर 'प्रतिसाद नाही' अशी नोंद पडते. घड्याळ २ तास मागे घेतले गेले, तर हीच वाट २ तास लांबू शकते. हे अधिक घातक, कारण लॉगमध्ये काहीच दिसत नाही.

कंडिशन व्हेरिएबल, म्हणजे एखादी अट पूर्ण होईपर्यंत थांबण्याचे साधन, तयार करतानाच त्याला मोनोटॉनिक घड्याळ नेमून देता येते. सेमाफोर आणि म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) यांच्यासाठी घड्याळ निवडण्याची सोय जीलिबसी या लिनक्सवरच्या मूलभूत सी लायब्ररीमध्ये २०१९ साली, २.३० आवृत्तीत आली; इतक्या मूलभूत गोष्टीला फारच उशीर झाला.

३० जून २०१२ च्या लीप सेकंदाला (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवण्यासाठी घड्याळात वाढवलेल्या १ सेकंदाला), म्हणजे भारतात १ जुलैच्या पहाटे साडेपाचला, लिनक्सच्या टायमर यंत्रणेपर्यंत घड्याळातला बदल पोहोचलाच नाही. रिअलटाइमवरच्या १ सेकंदाहून छोट्या मुदती लगेच संपू लागल्या, प्रोग्राम पुन्हा पुन्हा वाट पाहायला जात राहिले आणि जगभर कित्येक सर्व्हरचे प्रोसेसर विनाकारण राबू लागले. चालू वेळच पुन्हा सेट केली, की त्रास थांबे.

स्लीपचा प्रश्न वेगळा. नाशिकरोडहून मुंबईला निघालेल्या प्रवाशाने इगतपुरीला लॅपटॉप मिटला आणि घाट उतरून कसाऱ्याला उघडला, तर मोनोटॉनिकच्या हिशेबी मधला वेळ गेलेलाच नसतो. विंडोज ७ पर्यंत हा काळ टाइमआउटमध्ये धरला जाई, विंडोज ८ पासून धरत नाहीत. लॉगिनची मुदत संपवण्यासारख्या कामाला लिनक्सवर बूटटाइमच घ्यावे.